गवतकाढ्याची घंटा

माझ्या पोटात दोन लोखंडी गोळ्या आहेत आणि त्यांतली एक जरा चेपलेली आहे. त्यामुळे माझा आवाज गोड नाही, घोगरा आहे. मित्रांनो, मी देवळातली घंटा नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. मला माणसाच्या मांडीला बांधतात. मी आफ्रिकेतल्या मसाई मोरानची घंटा आहे. मोरान म्हणजे ऐन जवानीतला भालाईत गडी. माझा आकार मोठ्या शेंगेसारखा आहे आणि पिकलेली शेंग उकलावी तशी मला मधोमध एक चीर आहे. घंटांमध्ये मी काही रूपवान नाही, पण मी जे पाहिलं ते फार घंटांच्या वाट्याला येत नाही.

किलिमांजारोच्या अलीकडच्या कुरणांत एका लोहारानं मला घडवलं. मोडक्या ट्रकच्या पाट्याचा एक तुकडा त्याच्याकडे पडून होता. त्यानं तो तापवला, ठोकला, वाकवला. मला न्यायला सिरोंका नावाचा तरुण मोरान आला. त्यानं बदल्यात एक बोकड दिला, मला उचललं आणि पहिलं काय केलं, तर माझ्या सर्वांगाला मेंढीची चरबी चोळली. लोहाराचा हात लागलेली वस्तू अशी शुद्ध करून घ्यायची, ही इथली रीत. ज्याच्या हातांनी मी जन्मले त्याचाच विटाळ! लोहार समोर उभा होता. त्याला सवय असावी. मला मात्र ते लागलं, आणि अजूनही आठवलं की लागतं.

सिंहाच्या शिकारीला निघताना माझ्या चिरेत वाळलं गवत कोंबायचे, म्हणजे मी वाजत नसे आणि सिंहाला चाहूल लागत नसे. शिकार साधली की गवत काढायचं आणि मला वाजवत घरी यायचं. सिरोंकानं आयुष्यात एकच सिंह मारला. तो सिंह अंगावर आला तेव्हा बाकीचे दोन पावलं मागे सरले आणि सिरोंका जागचा हलला नाही, एवढंच मला ठाऊक आहे. त्या झटापटीत याहून जास्त काय कळणार! परतताना मात्र मी अशी वाजले की वाड्यावाड्यांतून बायका बाहेर आल्या. मुलींनी त्याच्यावर गाणी रचली. सिंह मारणाऱ्याला सोबती नवं नाव देतात, 'सिंहाचं नाव' म्हणतात त्याला, तसं सिरोंकाला 'पुढचा भाला' हे नाव पडलं. मग सिरोंका म्हणणं बंदच झालं. लग्न झाल्यावर त्याची बायकोसुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारी, अगदी रागावली असली तरी.

नंतर दिवस पालटले. सरकारनं सिंह मारायला बंदी केली. सिंहही कमी झाले. पुढचा भाला म्हातारा झाला, तपकीर ओढत बाभळीखाली बसू लागला आणि मी झोपडीच्या खांबाला धूर खात लटकले. एके दिवशी त्याच्या बायकोनं, म्हणजे येयोनं, मला खाली काढलं आणि करडांच्या कोंडवाड्याच्या दाराला बांधलं. दार उघडलं की मी वाजायची आणि येयो ओरडायची, "कोण रे तिकडे?" बहुतेक वेळा एखादं करडूच असायचं. सिंहाच्या शिकारीची घंटा मी, आणि करडांची चुगली करत बसले. पण बायकांना वस्तूचा मान कळतो की उपयोग, हा वाद मी येयोशी घालू शकत नव्हते. येयोच्या हातून करडू कधी हरवलं नाही, हेही खरं.

येयोला दोन मुलं. मोठी नासिएकू, तिच्या पाठीवर कोइनेत. नासिएकू गावच्या शाळेत शिकली आणि मग तिनं भलतंच काम धरलं. सिंहांच्या कळपांच्या मागावर राहायचं. ते कुठे आहेत, किती आहेत, कुणाला पिल्लं झाली, कुणाची मेली, हे रोज पाहायचं आणि ज्या अंगाला सिंह आहेत तिकडे गुरं नेऊ नका असं गुराख्यांना फोन करून सांगायचं. कुणाच्या गुरांच्या वाडग्याचं काटेरी कुंपण मोडलं असेल तर ते नीट करायला हात लावायचा. आसपासच्या वस्त्यांत हे काम करणारे सगळे मोरान होते. बाई ही एकटीच.

"तू तिथं काय करणार? सिंहांना पाढे शिकवणार?" कोइनेत म्हणाला.

"तुला आले नाहीत, त्यांना येतील," नासिएकू म्हणाली.

पुढच्या भाल्यानं तपकीर ओढली आणि निकाल दिला. जायचं असेल तर जा, पण एकटी नाही. कोइनेत बरोबर जाईल.

कोइनेत उसळला. "बाबा, मी मोरान आहे! बहिणीची शेपूट व्हायला जन्मलोय का मी?"

"शेपूट नसली तर माशा कोण हाकणार?" म्हातारा म्हणाला, आणि तिथं तो विषय संपला.

दुसऱ्या दिवशी कोइनेतनं रागारागानं मला कोंडवाड्याच्या दारावरून सोडवलं आणि मांडीला बांधलं. बहिणीच्या मागे फिरायचंच, तर निदान मोरानच्या थाटात. येयो मागून ओरडली, "अरे, करडं पळतील!" पण तोवर आम्ही निघालो होतो. दोनशे पावलांवर नासिएकू थांबली.

"हा बाजा घेऊन येणार असशील तर सिंह सोड, डोंगरसुद्धा उठून पळेल."

तिनं खाली बसून मूठभर वाळलं गवत उपटलं, त्याची गुंडाळी केली आणि माझ्या चिरेत ठासून भरली. तेव्हापासून तो नेमच झाला. रोज सकाळी ती मला गवत भरायची आणि मी मुकाट्यानं त्या दोघांबरोबर सिंहांच्या मागे जायची. वाजता येत नव्हतं, पण ज्या सिंहांशी माझी आजवर एकाच कामापुरती गाठ पडली होती त्यांना मी पहिल्यांदाच निवांत पाहत होते.

नासिएकूच्या वाट्याला जो कळप होता त्यात तीन बहिणी होत्या. थोरलीचं नाव तिनं नायोला ठेवलं होतं. नायोलाचा डावा कान फाटलेला होता आणि मागच्या पायाच्या गादीवर जुन्या जखमेचा व्रण होता, त्यामुळे तिचा माग धुळीत चटकन ओळखू यायचा. कोइनेतला सुरुवातीला सगळे ठसे सारखेच दिसत. तो तरसाच्या मागावर अर्धी सकाळ घालवायचा आणि नासिएकू त्याला घालवू द्यायची.

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू मोरान आहेस ना. मोरानला काय सांगायचं?"

पण हळूहळू तो शिकला. नायोलानं काळ्या खडकांच्या घळीत पिल्लं घातली तेव्हा ती घळ आधी त्यालाच सापडली. पिल्लं चार होती. सिंहीण पिल्लं घालायला कळपापासून दूर जाते आणि जागा बदलायची झाली की एकेकाला तोंडात धरून नेते. हे मला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. ज्या दातांच्या भीतीनं सात-सात जण भाले घेऊन जात, त्या दातांत ती पिल्लं मऊ लोंबकळत असायची आणि त्यांच्या अंगावर ओरखडाही नसायचा. पुढे ती त्यांना कळपात घेऊन आली. तिथं मावशीलाही पिल्लं होती. मग कुणाचं पिल्लू कुणाला पितंय याचा हिशोब राहिला नाही. नासिएकू दुर्बिणीतून पाहत हसायची. म्हणायची, आमच्या घरासारखंच आहे हे, ज्याला भूक लागेल त्यानं ज्या झोपडीत धूर दिसेल तिथं शिरावं.

चारांतलं एक पिल्लू रानरेड्यांच्या खुरांखाली गेलं. एक उन्हाळ्यात रोडावत गेलं आणि एके दिवशी उठलंच नाही. नायोला त्याच्याजवळ थोडा वेळ उभी राहिली आणि मग उरलेल्या दोघांना घेऊन पाण्याकडे गेली. सिंहांच्या घरात असंच चालतं. निम्म्याहून जास्त पिल्लं मोठी होतच नाहीत. नासिएकूनं त्या दिवशी कोइनेतला मुळीच चिडवलं नाही.

उरलेल्या दोघांत एक मादी होती आणि एक नर. नराच्या पोटावर आणि पायांवर ठळक ठिपके होते. कोइनेतचा एक लाडका बैल होता, ठिपक्याठिपक्यांचा. त्याचं नाव केरी. मोरानचा आवडता बैल म्हणजे काय चीज असते हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. कोइनेतनं त्याच्यावर गाणं रचलं होतं आणि ते तो अंघोळीलाही म्हणायचा. त्या ठिपकेदार पिल्लाकडे पाहून तो म्हणाला, "हा बघ माझा दुसरा केरी!"

"बैलाचं नाव सिंहाला?" नासिएकू म्हणाली. "उद्या त्याला चरायला नेशील."

"नेईन की."

"कोइनेत, थट्टा राहू दे. नाव दे, पण ओळख वाढवू नकोस. लांबून बघायचं आणि निघायचं."

त्यानं ऐकलं नाही. रोज त्याच वारुळाशेजारी, त्याच लाल शुक्यात, म्हणजे मोरान अंगाभोवती गुंडाळतात त्या चादरीत, तो बसायचा, आणि दर खेपेला थोडा आणखी पुढे सरकायचा. केरीला त्याची सवय झाली. तो मान वर करायचा, कोइनेतकडे पाहायचा आणि पुन्हा बहिणीची शेपटी चावायला लागायचा. नासिएकू चिडायची. "माणसाला न भिणारा सिंह फार दिवस जगत नाही. तू त्याच्या जिवावर उठला आहेस." पण पालथ्या घड्यावर पाणी. मीही तिथंच होते, आणि खरं सांगते, केरीनं मान वर केली की मलाही बरं वाटायचं.

पुढच्या साली पाऊस झालाच नाही. गवत संपलं, हरणं-झेब्रे लांब गेले आणि गुरांचे कळप पाण्यासाठी कोरड्या नदीच्या पात्रात रेंगाळू लागले. एका दुपारी शेजारच्या वस्तीत मोरानांचा नाच होता. कोइनेत मला बोळा काढून घेऊन गेला, गुरं शेजाऱ्याच्या हवाली करून. आम्ही मनसोक्त नाचलो. शेजाऱ्यानं गुरं परत आणली, पण केरी बैल पात्रातच मागे राहिला आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सकाळी तो सापडला. म्हणजे शिंगं, डोकं आणि कातड्याचा ठिपकेदार तुकडा सापडला. कोइनेतला आता ठसे वाचायला कुणाची गरज नव्हती. व्रणाचा ठसा नायोलाचा होता. तिच्या बहिणी होत्या. आणि शिंगांच्या अगदी जवळ, वाळूत, लहान पंजांचे ठसे होते. ज्याला त्यानं आपल्या बैलाचं नाव दिलं होतं, तोही जेवून गेला होता. कोइनेत तिथं खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. रडून झालं तेव्हा तो वेगळाच दिसत होता.

पारमुआत हा मोरानांचा म्होरक्या. असल्या निमित्ताची तो वाटच पाहत असतो. "उद्या पहाटे निघायचं," तो म्हणाला. "बैल तुझा, म्हणून पुढे तू." पुढचा भाला बाभळीखाली बसून ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, "आमच्या वेळी यावर एवढं बोलावं लागत नसे."

नासिएकूनं वनखात्याच्या लोकांना फोन केला. गाडी दूर होती, पोहोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली असती. मग तिनं भावाला गाठलं.

"बैल बाहेर कुणामुळे राहिला? नायोलामुळे?"

"तोंड सांभाळ."

"नाचायला ती गेली होती का? ती मेली तर ती दोन पिल्लं आठवडाभरही काढणार नाहीत. तुझा केरीसुद्धा."

"माझा केरी मेला!" कोइनेत ओरडला. "तुझ्या सिंहिणीनं खाल्ला!"

पहाटे शिकारीला निघताना मात्र तो रोजच्या सवयीनं तिच्यापुढे उभा राहिला आणि मांडी पुढे करून म्हणाला, "भर."

मला वाटलं, आता ही गवत सैल भरणार. वाटेत ते गळून पडेल, मी वाजेन आणि नायोला सावध होईल. किती सोपं होतं! पण नासिएकूनं माझ्या चिरेत गवत असं ठासलं की माझ्या गोळ्या जागच्या जागी रुतल्या.

"एवढं घट्ट?" कोइनेतनं विचारलं.

"सैल भरलं आणि तू तिच्या तोंडापाशी असताना वाजली, तर ती आधी तुझ्यावर येईल. मला तीही हवी आहे. पण तू मेलेला नकोस." असं म्हणून ती उठली आणि मागे न पाहता झोपडीत गेली.

पारमुआत धरून सात जण होते. सूर्य वर आला तसे आम्ही नदीकाठच्या काटेरी झुडपांपाशी पोहोचलो. वारा आमच्या तोंडावर होता, त्यामुळे सिंहांना वास लागण्यासारखा नव्हता. पारमुआतनं खुणा करून सगळ्यांना पांगवलं. कोइनेत ठरल्याप्रमाणे पुढे होता. बाकीचे झाडीच्या दोन्ही अंगांनी वळले आणि दिसेनासे झाले.

नायोला सावलीत आडवी पडली होती. पोट भरलेलं, डोळे मिटलेले. भाला फेकता येईल एवढ्या अंतरावर कोइनेत थांबला. त्यानं हात मागे नेला. आणि तेवढ्यात केरी उठून बसला. त्यानं लाल शुका पाहिला. त्याला काही नवल वाटलं नाही. रोजचा माणूस! त्यानं जांभई दिली, दोन पावलं आमच्या दिशेनं टाकली आणि खाली बसून मागच्या पायानं कान खाजवू लागला.

मित्रांनो, इथून पुढचं कोइनेत सोडला तर फक्त मला माहीत आहे, कारण तिथं दुसरं कुणी नव्हतं. कोइनेतचा वर गेलेला हात तसाच राहिला. मग तो हळूहळू खाली आला. भाला त्यानं डाव्या हातात घेतला, उजव्या हाताची बोटं माझ्या चिरेत घातली आणि गवत ओढू लागला. नासिएकूनं ठासलेलं गवत ते, सहज थोडंच निघणार! त्याचं नख मोडलं. बोटातून रक्त आलं. शेवटी अख्खी गुंडाळी बाहेर आली आणि त्यानं पाय आपटला.

मी वाजले. नायोला एका उडीत उभी राहिली. तिनं आमच्याकडे पाहून जी गर्जना केली ती माझ्या पत्र्यातून गेली. पण कोइनेत जागचा हलला नाही, पाय आपटतच राहिला. ही घंटा म्हणजे काय हे त्या भागातल्या प्रत्येक मोठ्या सिंहाला ठाऊक आहे. ती वळली, झाडीत घुसली, तिच्या बहिणी तिच्यामागे, पिल्लांतली मादीही गेली.

केरी गेला नाही. त्यानं मला कधी ऐकलंच नव्हतं! इतके महिने मी त्याच्यासमोर तोंडात बोळा घेऊन बसले होते. त्याच्या लेखी मी एक नवी गंमत होते. तो मान तिरकी करून ऐकू लागला. बाजूच्या झाडीतून पारमुआतची शिटी आली, दुसरीकडून काटक्या मोडल्याचा आवाज आला.

"जा!" कोइनेत दबक्या आवाजात म्हणाला. "अरे जा ना!"

केरी बसलेलाच. तेव्हा कोइनेतनं भाल्याचा दांडा जमिनीवर आपटला, तोंडानं शिकारीची आरोळी ठोकली आणि उड्या मारत, मला जिवाच्या आकांतानं वाजवत, त्याच्या अंगावर धावून गेला. एक दगड उचलून त्यानं मारला. तो केरीच्या पाठीत बसला. मग मात्र केरी घाबरला. त्यानं कोइनेतकडे जे पाहिलं ते मी विसरू शकत नाही. ओळखीचा माणूस असा का वागतो आहे हे त्याला कळत नव्हतं. शेपूट पायांत घालून तो पळाला, आणि त्यानंतर त्यानं कोइनेतला कधीही जवळ येऊ दिलं नाही. ज्यानं त्याला नाव दिलं, त्याचीच भीती त्याला आयुष्यभर पुरली, आणि तो जगला.

बाकीचे पोहोचले तेव्हा तिथं फक्त धूळ होती आणि मी अजून थोडी हलत होते.

दुपारी गावच्या मोठ्या झाडाखाली बैठक भरली. वडीलधारी मंडळी बसली. पारमुआतचं डोकं फिरलेलं होतं. वनखात्याची गाडीही तोवर येऊन एका बाजूला उभी राहिली होती, पण घरच्या भांडणात पाहुण्यांनी पडायचं नसतं हे त्यांनाही कळत होतं.

"गवत सैल होतं," पारमुआत म्हणाला. "कुणी भरलं होतं? याच्या बहिणीनं. तिला सिंहीण वाचवायची होती. त्यापायी तिनं सख्ख्या भावाला सिंहिणीच्या दाढेत ढकललं. अशा बाईला सिंहांच्या मागे सोडलंत, ही तुमची चूक. आता तिला घरी बसवा."

म्हातारे माना डोलावू लागले. नासिएकू उभी होती. तिनं काही सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं, कारण तिला सिंहीण वाचायला हवी होती हे तर सगळ्या गावाला माहीत होतं. तिनं भावाकडे पाहिलंही नाही. तिचं काम जाणार होतं, आणि भावाच्या जिवाशी खेळलेली बहीण म्हणून तोंड लपवून राहायची पाळी येणार होती. आणि तिनं तर मला श्वास घ्यायलाही जागा ठेवली नव्हती! मी ओरडून सांगितलं असतं, पण घंटेला मांडी हलल्याशिवाय बोलता येत नाही.

कोइनेत उठला. "गवत घट्ट होतं," तो म्हणाला.

"मग पडलं कसं?"

"पडलं नाही. मी काढलं."

कुणीतरी हसलं. पारमुआत त्याच्या तोंडाशी आला. "काय म्हणालास?"

कोइनेतनं हात पुढे केला. नख मोडलेलं, बोटाला रक्त सुकलेलं. "माझ्या हातानं काढलं. भाला टाकता येत होता. सिंहीण झोपली होती. मी टाकला नाही. नासिएकूला बोल लावायचा नाही. बोलायचं असेल ते मला बोला."

मित्रांनो, मोरानला सिंहिणीसमोर उभं राहणं सोपं असतं. सोबत्यांसमोर असं बोलणं फार अवघड. पारमुआतनं हात वर करून जाहीर केलं, "ऐका रे! आपल्या कोइनेतला आज सिंहाचं नाव मिळालं! गवतकाढ्या!"

हास्याचा नुसता फवारा उडाला. गवतकाढ्या! झोपडीवर घालायचं गवत काढतात बायका. पोरींनी त्यावर तिथल्या तिथं गाणं केलं, आणि ते चालीवर इतकं छान बसलं की मलाही म्हणावंसं वाटलं. नासिएकूचं काम राहिलं. पुढचा भाला उठला आणि घरी गेला. त्या संध्याकाळी बाप लेकाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. येयोनं दुधानं भरलेलं भोपळ्याचं भांडं दोघांच्या मधे ठेवलं आणि ती म्हणाली, "दूध तरी एकमेकांकडे सरकवाल की नाही?"

आता मी पुन्हा कोइनेतच्या मांडीवर आहे, पण माझ्यात गवत भरत नाहीत. गुरं दाट झाडीतून न्यायची असली की तो पुढे जातो आणि मला वाजवतो. सिंह ऐकतात आणि बाजूला होतात. केरी तर सगळ्यांत आधी. त्याला आता चांगली आयाळ फुटली आहे. नासिएकू दुर्बीण खाली ठेवून सांगते, "पळाला." कोइनेत म्हणतो, "बरं झालं." दर वेळी तो एवढंच म्हणतो आणि दर वेळी त्याचा आवाज जरा बसतो. म्हणून माझी एक विनंती आहे. रानातल्या जिवावर तुमचा जीव जडला, तर त्याला लांबूनच पाहा. त्याला तुमची भीती राहू द्या. तुम्हाला फार वाईट वाटेल, पण तेवढं तुम्ही सोसा, त्याला सोसायला लावू नका. आणि घरात एखादी जुनी घंटा असेल तर तिला अधूनमधून तेल लावा. हे माझं स्वतःचं मागणं आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. पाऊस पडून गेल्यावर पलीकडच्या डोंगराखाली एक लग्न होतं. पुढचा भाला निघाला आणि त्यानं कोइनेतला बरोबर घेतलं. बैठकीत सगळे नामांकित म्हातारे होते. त्यांतल्या एकानं पुढच्या भाल्याला ओळखलं, वाकून कोइनेतकडे पाहिलं आणि विचारलं, "हा कोण?"

आमच्या गावचे दोन-चार मोरान मागे उभे होते. त्यांनी हसू दाबायला तोंडावर हात ठेवले. कोइनेतची मांडी ताठ झाली.

"माझा मुलगा," म्हातारा म्हणाला. "गवतकाढ्या."

"हे कसलं नाव?"

"सिंहाचं नाव आहे."

पाहुण्यानं भुवया वर केल्या. "मग सिंह मारला?"

"नाही," पुढचा भाला म्हणाला आणि त्यानं शांतपणे तपकिरीची डबी उघडली. "जिवंत आहे. पाहायचा असेल तर आमच्याकडे या. माझी मुलगी दाखवेल."